नदी गंजली: पेडण्यातल्या एका भिंतीची पूर्ण हकिकत

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला माझ्या चित्रकार मैत्रिणीचा फोन आला. "नदी गंजली," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. मी म्हापशाहून स्कूटर काढली आणि तासाभरात पोहोचले. ती भिंतीसमोर उकिडवी बसली होती. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी शापोरा नदी गर्द निळी करून सोडली होती. आता ती काठाला हिरवट-करडी आणि मधोमध चक्क तांबूस तपकिरी दिसत होती. निळा रंग उडाला होता असंही नाही. त्याचा दुसराच रंग झाला होता.

हे प्रकरण मी सगळं लिहून ठेवते आहे, कारण गावोगावच्या भिंतींवर बाई आणि निसर्ग रंगवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणी आहेत. पूर्ण झालेल्या भिंतींचे फोटो सगळ्या दाखवतात. बिघडलेल्या भिंतीबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि मग पुढचीही तीच चूक करते.

तिच्या बायका

आम्ही दोघी पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात एका वर्गात होतो. मी पुढे शाळेत चित्रकला शिकवू लागले, ती चित्रं काढत राहिली. तिचा विषय पहिल्यापासून एकच, बाई आणि झाडंपेडं. कॅनव्हासवर ॲक्रिलिक. मिटत आलेल्या डोळ्यांच्या बायका, केसांतून निघून चौकटीबाहेर जाणारे वेल, खांद्यावर खंड्या, पाठीमागे केळीची पानं आणि त्यांच्याही मागे गुलाबी किंवा हळदी रंगाचं सपाट आभाळ. चित्रं विकली जातात, घरांत आणि हॉटेलांत लागतात. मला त्यांतलं सगळ्यांत जास्त काय आवडतं म्हणाल तर तिचा हिरवा. जुलैमधला गोव्याचा हिरवा ट्यूबमधून तसाच्या तसा काढला तर प्लास्टिकच्या फुलासारखा दिसतो. ती त्यात काडीच्या टोकावर राहील एवढी काव, म्हणजे तांबड्या मातीचा रंग, टाकते. तांबड्या मातीवर उगवलेलं गवत तेव्हा कुठे खरं वाटतं.

सपाट, ठणठणीत रंग आणि ठाम रेषा ही गोव्यातली जुनी ओढ आहे. मडगावात जन्मलेले लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं आमच्या कॉलेजचे प्राचार्य होते. आम्ही तिथे गेलो ते त्यांच्या बऱ्याच नंतर, पण त्यांच्या रंगांबद्दलचं बोलणं वर्गांतून चालूच होतं. ही त्या हवेत वाढलेली.

एक गोष्ट मात्र मी तिला बरीच वर्षं सांगत आले होते, आणि ती हसून सोडून देत होती. तिच्या बायकांचे हात रिकामे असतात. फार तर एखादं कमळ, नाहीतर पक्षी.

भिंत

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. तिथे धालोच्या मांडाला, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्याच्या अंगणाला, लागून महिला मंडळाची खोली आहे. पौषातल्या चांदण्या रात्री बायका या मांडावर जमतात, दोन ओळी करून समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेत हात घालून वाकत-उठत गातात. गाण्यात धरित्रीला आई म्हणतात. गावात सातेरीचं देऊळ आहे. सातेरी म्हणजे वारूळ, इथल्या बोलीत रोयण. मातीच्या त्या उंचवट्यालाच इथे देवी मानतात. बाई आणि निसर्ग हा विषय या गावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. खोलीची मांडाकडची भिंत रंगवून दे, असं मंडळाच्या बायकांनीच तिला सांगितलं. साधारण अठरा फूट लांब, सात फूट उंच. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं बांधकाम.

चिरा पाणी पितो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं, आणि पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी पूड फुलते. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात तिने सिमेंटच्या गिलाव्यावर ॲक्रिलिकने भिंत रंगवली होती. ॲक्रिलिकचा थर म्हणजे जवळजवळ प्लास्टिकचा पडदा, ओल त्याच्या मागे अडकली. एका पावसाळ्यात फोड आले, दुसऱ्यात पापुद्रे सुटले. बाईचा अर्धा चेहरा गळून पायरीवर पडला. ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून या वेळी चुना घ्यायचं ठरलं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. ओल्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात खललेला रंग लावला की सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा चुनखडीचा दगड होतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकून बसतात. गोंद लागत नाही, डिंक लागत नाही. आपल्याकडची कावी कला याच चुन्यावर उभी आहे. गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असताना टोकदार हत्याराने खरवडून वेलबुट्टी काढलेली आहे. रंग दोनच, पण टिकले.

गावातला एक म्हातारा गवंडी मिळाला. त्याने कळीचा चुना गणेश चवथीच्या आधीच विझवून पाण्याखाली ठेवला होता. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो, असं तो म्हणायचा. दिवाळीनंतर काम सुरू झालं, पौषाच्या आत संपवायचं होतं. रोज सकाळी तो एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा थापायचा, फार तर एका चादरीएवढा. दुपार टळून गेली की गिलावा रंग पीत नाही. आणि चूक झाली तर पुसता येत नाही, गिलावाच खरवडावा लागतो.

काव, पिवडी म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, कोळशाचा काळा, क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा. पहिले पाच दिवस सुरेख गेले. सहाव्या दिवशी नदी होती.

गंज

निळा तिने मुंबईच्या एका दुकानातून पावडरमध्ये आणला होता. डब्यावर प्रशियन ब्ल्यू असं लिहिलं होतं. चुन्यावर चालेल का, असं तिने विचारलंही होतं. बिनधास्त वापरा, असं उत्तर मिळालं. घरी तिने तो कागदावर डिंकात लावून पाहिला, रंग अतिशय देखणा होता. चूक इथे झाली. चुन्यावर लावायचा रंग चुन्यावरच तपासायला हवा होता. वाटीभर चुन्याची निवळी आणि एक रात्र, एवढंच पुरलं असतं. मी सोबत होते, मलाही सुचलं नाही. शाळेत मुलांना मी रंगचक्र शिकवते, पण रंग कशाचा बनतो हे शिकवत नाही. ती खंत मला अजून आहे.

प्रशियन ब्ल्यू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये योगायोगाने सापडला. तो लोखंडाचा संयुग आहे. कागदावर, तैलरंगात तो नीट राहतो. पण चुना तीव्र अल्कली. चुन्यात त्याची घडण मोडते, निळेपणा जातो आणि मागे लोखंडाचा हायड्रॉक्साइड राहतो. म्हणजे सोप्या भाषेत गंज. तिने फोनवर जो शब्द वापरला तो रसायनशास्त्राच्या हिशेबानेही अचूक होता.

आम्ही दोघी डोकं धरून बसलो असताना मंडळातल्या काकी आल्या. वय सत्तरीच्या घरात, आयुष्यातले बरेचसे उन्हाळे मिठागरात गेलेले. भिंतीजवळ गेल्या, नखाने थोडं कोरलं, नखाखालचं पाहिलं.

"बाय, चुन्यांत घालतात ती नीळ कित्याक घालूंक ना?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पूर्वी दर वर्षी पाऊस सरला की कोकणात आणि गोव्यात घरोघरी चुना काढायचे, आणि तो पिवळट दिसू नये म्हणून बादलीत चिमूटभर नीळ टाकायचे. माझ्या आईने टाकलेली मी लहानपणी पाहिली आहे. ती नीळ चुन्यात कधी तपकिरी झाली नव्हती. घराच्या कोपऱ्यात जिथे नीट ढवळली गेली नाही तिथे निळा ठिपका तसाच्या तसा वर्षभर दिसायचा.

एक मुलगी धावत जाऊन घरून बाटली घेऊन आली. काकींनी मान हलवली. बाटलीतली नको, पुडीतली हवी. आणि काकींचं बरोबर होतं. हल्ली कपड्यांसाठी मिळणारी पातळ नीळ म्हणजे पाण्यात विरघळणारं रंगद्रव्य, ते भिंतीवर उन्हात टिकणार नाही. जुनी पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरिन. बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून काढलेला हाच निळा एके काळी सोन्याच्या भावाने विकला जायचा. तो स्वस्तात बनवण्यासाठी फ्रान्समध्ये बक्षीस लावलं होतं, ते १८२८ मध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं. ज्या रंगासाठी युरोपातल्या चित्रकारांना करारात वेगळी किंमत लिहावी लागायची, तो आपल्याकडे धोब्याच्या टबात आणि चुन्याच्या बादलीत येऊन बसला. आणि आम्ही दोघी कला शिकलेल्या बायका तो मुंबईत शोधत होतो!

या वेळी तपासल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही असं ठरवलं. बाजारातून पुडी आणली. काचेच्या दोन पेल्यांत चिमूट चिमूट टाकली. एकात चुन्याची निवळी, दुसऱ्यात काकींच्या घरचं माडाचं व्हिनेगर. दुसऱ्या दिवशी निवळीतली नीळ तळाशी तशीच गर्द बसलेली होती. व्हिनेगरातली फिकी पडली होती आणि पेल्याला नासक्या अंड्याचा वास येत होता. अल्ट्रामरिनला आम्ल सोसत नाही, त्यातला गंधक वायू होऊन सुटतो. अल्कलीत मात्र तो सुखाने राहतो. प्रशियन ब्ल्यूच्या बरोबर उलट.

गवंड्याने नदीचा गिलावा खरवडायला घेतला. वरचा सगळा निघाला. खालचा वीतभर रुंदीचा पट्टा, पायाजवळचा, राहू दे असं काकी म्हणाल्या. ओहोटीला नदीच्या काठाला जो चिखल उघडा पडतो तो याच रंगाचा असतो, मग तुम्ही तो काढता कशाला? मी आधी विरोध केला, कारण बिघडलेला रंग पुढे आणखी बिघडेल अशी भीती होती. मग विचार केला, की जे काही मोडायचं होतं ते मोडून झालं आहे. उरलंय ते लोखंड. कावेत असतं तेच, चिऱ्यात असतं तेच, चुन्यात वर्षानुवर्षं टिकणारं. पट्टा ठेवला. त्याच्यावर निळीची नदी आली.

हात आणि कापड

या दोन दिवसांत काम थांबलं होतं, त्यामुळे बायकांना भिंतीपाशी बसायला वेळ मिळाला. तोवर त्या लांबून पाहून जायच्या आणि छान म्हणायच्या. आता जवळ बसल्यावर बोलायला लागल्या. माझ्या मते या प्रकरणातला खरा भाग हा आहे. रंगाची चूक पुस्तक वाचूनही सुटली असती.

तोवर तीन बायका रंगवून झाल्या होत्या. मिठागरात उभ्या, तांबड्या चौकड्यांच्या कुणबी साडीत, डोळे मिटत आलेले, एकीच्या केसांतून खारफुटीची पानं निघालेली. पांढऱ्या मिठावर ती तांबडी चौकट फार उठून दिसत होती. एका तरुण सुनेने विचारलं, ही कुठल्या गावची? आमच्याकडे हे कापड कोण नेसतं? दुसरी म्हणाली, मिठात पाय घातल्यावर डोळे मिटून कोण उभी राहील, उन्हात मीठ डोळ्यांवर इतकं चमकतं की डोळे बारीक करावे लागतात. आणि काकींनी, कुणी न सांगता, तोच प्रश्न विचारला जो मी वर्षानुवर्षं विचारत होते. हिच्या हातांत काय?

माझी मैत्रीण दुखावली. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "चौकड्याची साडी पाहिली की माणूस लगेच गोवा म्हणतो. मी फोटो नाही काढत आहे, चित्र काढते आहे." या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी सहज झटकणार नाही. बाईला कुठलं कापड नेसवायचं हा गोव्याच्या चित्रकलेतला जुना आणि दुखरा प्रश्न आहे. सांतो इस्तेव्ह बेटावर १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनला शिकून आले आणि त्यांनी मेरीला साडी नेसवली, इथल्या बाईचा सावळा चेहरा दिला. इथल्या अनेक धार्मिकांना ते रुचलं नाही. ते पुण्याला गेले आणि १९६७ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे, आणि त्या मेरीला आता कुणी परकी म्हणणार नाही. म्हणजे बघणाऱ्यांनी नाक मुरडलं म्हणून चित्रकार चुकला असं होत नाही. हे मी तिला सांगितलं.

पण फरक आहे, आणि तोही सांगितला. फोन्सेकांनी समोर दिसणाऱ्या बाईचं कापड घेऊन ते मेरीला दिलं. तू समोरच्या बाईचं कापड काढून तिला पोस्टकार्डावरचं देते आहेस. कुणबी साडी ज्यांची आहे त्यांच्या अंगावर ती शोभते, ती त्यांच्या शेतातून आणि गुडघ्यापर्यंतच्या चिखलातून आली आहे. या मिठागरावर ती पाहुणी आहे.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती वही घेऊन काकींच्या घरी गेली. मीठ त्या वेळी चालू नव्हतं, ते पौष-माघानंतर. म्हणून काकींनी मिठागरातले कपडे ट्रंकेतून काढून अंगावर घालून दाखवले. जुनी विटकी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिच्यावर नवऱ्याचा जुना पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण उन्हाने आणि खारट पाण्याने हात सोलवटतात. डोक्याला टॉवेल, टॉवेलावर चुंबळ. तिने चार तास हात काढले. मी वही पाहिली आहे. अंगठ्याच्या मुळाशी आडव्या भेगा, नखं बाजूंनी झिजलेली, आणि पाटी डोक्यावर चढवताना मनगट आत कसं वळतं त्याची दहा-बारा रेखाटनं.

दोन दिवसांचा गिलावा पुन्हा खरवडला गेला. तिसरी बाई, अगदी उजवीकडची, तिने तशीच ठेवली, केसांतल्या खारफुटीसकट. ती धालोतली आहे, असं ती म्हणाली, मिठातली नव्हे. बायकांनी मान्य केलं. कापड मात्र बदलून घेतलं.

शर्ट रंगवताना मी शेजारी होते. पांढरा म्हणजे चुनाच, तो कोराच सोडायचा. घड्यांच्या सावलीसाठी ती नेहमी करडा वापरते. या वेळी तिने निळीचं अगदी पातळ पाणी घेतलं. पुष्कळ वेळा धुऊन नीळ दिलेल्या पांढऱ्या शर्टावर जी निळसर झाक चढते, नेमकी ती तिथे आली. काकी मागून म्हणाल्या, "म्हज्या न्हवऱ्याचो शर्ट." बाकी काही बोलल्या नाहीत.

जे जमलं नाही

अबोली जमली नाही. तिच्या कॅनव्हासवरची अबोली बघण्यासारखी असते, पण तो केशरी-गुलाबी रंग चुन्यात टिकणाऱ्या मातीच्या रंगांत नाही. काव आणि पिवडी मिसळली की विटेचा रंग येतो, चुना वाढवला की फिकट विटेचा. भडक सेंद्रिय केशरी आणून लावता आला असता, पण तो उन्हात उडाला असता, आणि पुन्हा न तपासलेला रंग भिंतीवर नको होता. सहा वेळा मिश्रणं करून पाहिली. शेवटी धालोतल्या बाईच्या अंबाड्यावरची फाती, म्हणजे अबोलीचा गजरा, काव-पिवडीचीच राहिली. बायका तिला शिळी अबोली म्हणतात. माझंही मत तेच आहे.

चेहऱ्यांबद्दलही मी समाधानी नाही. हात इतके खरे झाल्यावर वरचे ते लांबट, एकसारखे चेहरे उपरे वाटतात. तिला ते मान्य नाही. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

पावसानंतर

पौषात धालो झाले. पहिल्या रात्री बायकांनी मांडाची पूजा केली आणि भिंतीलाही हळद-कुंकू लावलं. कुंकू नेमकं दुसऱ्या बाईच्या पावलावर लागलं आहे, ते तिने पुसलं नाही.

पावसाळा गेल्यावर आम्ही दोघी भिंत तपासायला गेलो. निळा होता तसाच होता. ओला कापसाचा बोळा फिरवून पाहिला, बोळ्याला काही लागलं नाही. काव आणि पिवडी घट्ट. ओहोटीचा पट्टा थोडा गडद झाला आहे, ओल पायाशी जास्त असल्यामुळे असेल. तळाला, जमिनीपासून टीचभर, शेवाळ धरलं आहे; ते सुकल्यावर मऊ ब्रशने काढायचं ठरलं. छपराचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात हाताएवढा गिलावा पोकळ वाजतो. फोड कुठेही नाही, लोणा कुठेही नाही.

काकींची एक तक्रार मात्र होती. शर्टाला खिसा नाही. मिठागरात पानाची चंची त्या खिशातच असायची. ती वही काढून खिशाची जागा मोजू लागली, आणि गवंडी मागच्या बाजूला गेला, घागरीतल्या चुन्यात पाणी किती उरलं आहे ते बघायला.